स्टिरिओ स्लाइडचा व्ह्यूअर आणि फिल्मचे अचूक एक्स्पोजर : सोलापुरातील नवोदितांसाठी

स्टिरिओ छायाचित्रणात एकाच दृश्याची दोन छायाचित्रे घेतली जातात. आपल्या दोन डोळ्यांमध्ये जितके अंतर असते, म्हणजे सुमारे ६३ ते ६५ मिलिमीटर, साधारण तितक्याच अंतराने ती शेजारी-शेजारी टिपलेली असतात. डावे चित्र फक्त डाव्या डोळ्याला आणि उजवे चित्र फक्त उजव्या डोळ्याला दाखवणारे साधन म्हणजे स्टिरिओ व्ह्यूअर. त्यातून पाहताना मेंदू दोन्ही चित्रांची सांगड घालतो आणि सपाट फिल्मवर खोली असलेले दृश्य उभे राहते. हे तत्त्व छायाचित्रणाहूनही जुने आहे. चार्ल्स व्हीटस्टन यांनी आरशांचा स्टिरिओस्कोप १८३८ मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे मांडला, तेव्हा छायाचित्रणाची जाहीर घोषणा व्हायला आणखी एक वर्ष बाकी होते. पुढे डेव्हिड ब्रूस्टर यांनी १८४९ मध्ये भिंगांचा सुटसुटीत व्ह्यूअर पुढे आणला, ऑलिव्हर वेंडेल होम्स यांनी १८६१ मध्ये हातात धरण्याचा लाकडी व्ह्यूअर तयार केला आणि त्याचे पेटंट न घेतल्यामुळे तो घरोघरी पोहोचला. आपल्याकडच्या अनेकांना आठवणारा, सात दृश्यांच्या गोल चकतीचा व्ह्यू-मास्टर १९३९ मधला. आणि ३५ मिलिमीटर फिल्मवर जोडचित्रे घेणारा स्टिरिओ रिअलिस्ट हा अमेरिकी कॅमेरा १९४७ मधला.

नवीन माणूस या छंदाकडे वळतो तेव्हा त्याचे सगळे लक्ष दोन भिंगांकडे असते आणि एक्स्पोजर, म्हणजे फिल्मवर किती प्रकाश पडू द्यायचा हा प्रश्न, त्याला नेहमीच्या छायाचित्रणातलाच एक भाग वाटतो. माझ्या मते स्टिरिओमध्ये खोलीचा प्रश्न आणि एक्स्पोजरचा प्रश्न हे दोन वेगळे प्रश्न नाहीतच. दोन्ही डोळ्यांना एकच खूण दोन किंचित वेगळ्या जागी सापडते, तेव्हाच मेंदू तिचे अंतर ठरवतो. भिंतीचा पोत, कापडाची घडी, दगडावरचा ओरखडा या सगळ्या अशा खुणा आहेत. जास्त प्रकाशामुळे जो भाग कोरा पांढरा झाला, किंवा कमी प्रकाशामुळे जो भाग ठार काळा झाला, तिथे जुळवायला खूणच उरत नाही आणि तेवढ्या जागेची खोली नाहीशी होते. साध्या छायाचित्रात उडालेले आकाश किंवा बुडालेली सावली खपून जाते. व्ह्यूअरमध्ये मात्र ती दृश्याला पडलेल्या भोकासारखी डोळ्यांत खुपते.

पहिली पायरी : आधी व्ह्यूअर, मग कॅमेरा

कॅमेरा घेण्यापूर्वी व्ह्यूअर ठरवावा, असा माझा आग्रह आहे, कारण स्लाइड, म्हणजे आरपार प्रकाशात पाहायचे फिल्मवरचे चित्र, किती गडद किंवा किती उजळ हवी हे शेवटी व्ह्यूअरच्या प्रकाशावर ठरते. नवोदितांपुढे मुख्यतः तीन मार्ग असतात.

पहिला मार्ग जुन्या पद्धतीच्या कार्डांचा. निगेटिव्ह फिल्मवर घेतलेल्या दोन चित्रांचे छोटे प्रिंट काढून ते सुमारे ९ बाय १८ सेंटिमीटरच्या जाड पुठ्ठ्यावर शेजारी-शेजारी चिकटवतात आणि होम्स पद्धतीच्या व्ह्यूअरमधून पाहतात. या व्ह्यूअरची भिंगे प्रिझमसारखी तिरकी असल्यामुळे चित्रांमधले अंतर डोळ्यांमधल्या अंतराहून थोडे जास्त असले तरी चालते. साधी, सरळ भिंगे असलेल्या व्ह्यूअरमध्ये मात्र दोन्ही चित्रांतल्या एकाच दूरच्या वस्तूमधले अंतर ६५ मिलिमीटरच्या पुढे गेले, तर डोळे बाहेरच्या बाजूला ताणले जातात आणि थोड्याच वेळात डोके दुखू लागते.

दुसरा मार्ग रिअलिस्ट आकाराच्या स्लाइडचा. यात दोन्ही चित्रे ४१ बाय १०१ मिलिमीटरच्या एकाच माउंटमध्ये, म्हणजे फिल्म धरून ठेवणाऱ्या चौकटीत, बसवलेली असतात आणि व्ह्यूअरला स्वतःचा दिवा असतो. तिसरा मार्ग सर्वांत स्वस्त आहे : नेहमीच्या ३५ मिलिमीटर स्लाइडसाठीचे दोन एकसारखे हातातले व्ह्यूअर शेजारी-शेजारी पक्के जोडून घ्यायचे आणि साध्या चौकोनी माउंटमधल्या दोन स्लाइड त्यांत घालायच्या. सुरुवात याच मार्गाने करणे मला सर्वांत शहाणपणाचे वाटते, कारण त्यासाठी दुहेरी भिंगांचा कॅमेराही लागत नाही.

कोणताही व्ह्यूअर घेताना चार गोष्टी तपासाव्यात. पहिली म्हणजे दोन्ही भिंगांची शक्ती सारखी आहे का. एकाच वहीच्या चौकटीच्या कागदावर दोन्ही भिंगे धरून पाहिली की चौकटी लहान-मोठ्या दिसतात का ते लगेच कळते. दुसरी म्हणजे दोन्ही चित्रे एका पातळीत दिसतात का. आळीपाळीने एकेक डोळा मिटावा. क्षितिजाची किंवा भिंतीची आडवी रेघ वर-खाली उडी मारत असेल तर भिंगे किंवा माउंट वाकडा आहे. आडव्या दिशेतला थोडा फरक डोळे सांभाळून घेतात, उभ्या दिशेतला फरक ते अजिबात सहन करत नाहीत. तिसरी गोष्ट भिंगाच्या नाभीय अंतराची : ते कॅमेऱ्याच्या भिंगाच्या नाभीय अंतराच्या जितके जवळ असेल तितकी खोली खरी वाटते, आणि ते बरेच जास्त असेल तर दृश्य आत ओढल्यासारखे लांबट दिसते. चौथी आणि आपल्या विषयाशी थेट संबंध असलेली गोष्ट म्हणजे प्रकाश. अनेक जुन्या व्ह्यूअरमध्ये टॉर्चचे मोठे सेल आणि पिवळसर बल्ब असतो. सेल उतरत गेले की हाच बल्ब तांबूस होतो आणि उत्तम स्लाइडही मळकट दिसू लागते. त्या जागी दिवसाच्या प्रकाशाच्या रंगाचा चांगला एलईडी बसवून घ्यावा. विजेच्या वस्तू दुरुस्त करणारा कोणताही कुशल कारागीर हे काम सहज करून देतो. दिवा नसलेला व्ह्यूअर आकाशाकडे किंवा उन्हातल्या पांढऱ्या भिंतीकडे रोखावा. सूर्याकडे तो कधीही रोखू नये, कारण भिंगातून एकवटलेले ऊन डोळ्याला कायमची इजा करू शकते.

चष्मा असणाऱ्यांनी एवढे लक्षात ठेवावे की व्ह्यूअरचे फोकसचे चाक जवळचा किंवा दूरचा नंबर भरून काढते, सिलिंडरचा नंबर नाही. तसा नंबर असेल तर चष्मा लावूनच पाहावे आणि त्यासाठी डोळ्यापासून थोडे अंतर ठेवता येईल अशा मोठ्या भिंगांचा व्ह्यूअर निवडावा.

दुसरी पायरी : कॅमेरा आणि दोन चित्रांमधले अंतर

स्थिर विषयांसाठी एकच साधा फिल्म कॅमेरा पुरतो. पेन्टॅक्स के-१००० सारखा हाताने शटर (प्रकाश किती वेळ आत येतो ते) आणि ॲपर्चर (भिंगाचे छिद्र किती उघडे ते) ठरवता येणारा जुना एसएलआर, म्हणजे भिंगातूनच दृश्य दाखवणारा कॅमेरा, असेल तर उत्तम. पहिले चित्र घ्यावे, शरीराचा भार डाव्या पायावरून उजव्या पायावर घेत कॅमेरा सुमारे साडेसहा सेंटिमीटर उजवीकडे न्यावा आणि दुसरे चित्र घ्यावे. कॅमेरा फिरवू नये, वर-खाली करू नये, फक्त सरकवावा. ट्रायपॉडवर बसणारी छोटी सरकपट्टी मिळाली तर हे काम फार नेटके होते. नेहमी डावे चित्र आधी घेण्याची सवय लावून घ्यावी, म्हणजे पुढे जोड्या लावताना गोंधळ होत नाही.

दोन चित्रांमधले अंतर किती असावे यासाठी छायाचित्रकार एक साधा ठोकताळा वापरतात : चौकटीतली सर्वांत जवळची वस्तू जितकी दूर आहे, त्याच्या तिसाव्या भागाइतके अंतर ठेवावे. गच्चीच्या कठड्यावर सोलापुरी चादर अंथरली आहे आणि तिच्या घड्या ६० सेंटिमीटरवरून टिपायच्या आहेत, तर कॅमेरा फक्त २ सेंटिमीटर सरकवावा. तिथे साडेसहा सेंटिमीटर सरकवला तर व्ह्यूअरमध्ये दोन्ही चित्रे एकत्र येणारच नाहीत. उलट, तलावाच्या काठावरून सिद्धेश्वर मंदिर घ्यायचे असेल आणि सर्वांत जवळची वस्तू ९० मीटरवर असेल तर हा ठोकताळा ३ मीटरपर्यंत मुभा देतो. इतके अंतर घेतल्यावर मंदिर छोट्या प्रतिकृतीसारखे दिसते. तो परिणाम हवा असेल तरच तसे करावे. शिवाय दोन चित्रांमध्ये जो वेळ जातो तेवढ्यात पाण्यावरच्या लाटा बदलतात, नावा हलतात आणि त्या जागी डोळ्यांची ओढाताण होते.

माणसे, मिरवणूक, रहदारी यांसाठी मात्र दोन्ही चित्रे एकाच क्षणी घेणारा दुहेरी कॅमेरा हवाच. स्टिरिओ रिअलिस्टच्या भिंगांमध्ये ७० मिलिमीटर अंतर असते, म्हणून वरच्या ठोकताळ्याप्रमाणे जवळची वस्तू २ मीटरच्या अलीकडे आणू नये. असा जुना कॅमेरा विकत घेताना मागचे झाकण उघडून प्रत्येक ॲपर्चरला दोन्ही छिद्रे सारखी मिटतात का, हे उजेडाकडे धरून पाहावे, आणि प्रत्येक वेगाला दोन्ही शटर एकदमच उघडतात-मिटतात का, तेही पाहावे. वंगण सुकल्याने एक बाजू रेंगाळत असेल तर एक चित्र उजळ आणि दुसरे गडद येईल. एवढा दोष साध्या कॅमेऱ्यात चालून जातो. स्टिरिओत तो प्रत्येक जोडीत दिसतो.

तिसरी पायरी : फिल्मची निवड

व्ह्यूअरमधून थेट पाहायचे असेल तर स्लाइड फिल्म, म्हणजे पॉझिटिव्ह फिल्म लागते. आज कोडॅकची एक्टाक्रोम ई-१०० आणि फुजीची प्रोव्हिया १००-एफ ही नावे प्रामुख्याने समोर येतात. जुन्या स्टिरिओ छायाचित्रकारांची लाडकी कोडाक्रोम २००९ मध्ये बंद झाली आणि ती धुणारी शेवटची प्रयोगशाळाही त्यानंतर लवकरच थांबली, म्हणून कोणी स्वस्तात कोडाक्रोमचा जुना रोल देऊ केला तर तो घेऊ नये.

स्लाइड फिल्म एक्स्पोजरच्या बाबतीत अतिशय काटेकोर आहे. एक स्टॉप म्हणजे प्रकाश दुप्पट किंवा निम्मा करणे. अर्ध्या स्टॉपची चूक ती कशीबशी पोटात घालते, एका स्टॉपची चूक उघड दिसते. निगेटिव्ह फिल्म बरीच उदार आहे. तिला एक-दोन स्टॉप जास्त प्रकाश मिळाला तरी चांगला प्रिंट निघतो, कमी प्रकाश मात्र तिला सोसत नाही. म्हणून मोजमापाचा नियमही उलट आहे : निगेटिव्हवर सावलीतला तपशील धरून मोजावे, स्लाइडवर उजेडातला तपशील धरून. ज्यांनी आजवर निगेटिव्हच वापरली आहे त्यांनी हा नियम कॅमेऱ्याच्या पाठीवर कागद चिकटवून लिहून ठेवला तरी हरकत नाही.

सोलापूरच्या उन्हाळ्यात पारा सहज चाळिशी ओलांडतो, आणि उष्णतेने फिल्मचे रंग बदलतात. न वापरलेले रोल घट्ट झाकणाच्या डब्यात घालून फ्रिजमध्ये ठेवावेत आणि वापरण्यापूर्वी डबा न उघडता तास-दोन तास बाहेर काढून ठेवावा, नाहीतर फिल्मवर दव धरते. रोल घातलेला कॅमेरा बंद मोटारीत किंवा दुचाकीच्या डिकीत ठेवू नये.

चौथी पायरी : एक्स्पोजर

प्रत्येक नवोदिताने प्रकाश मोजणारा मीटर हातात घेण्यापूर्वी भर उन्हाचा नियम पाठ करावा. मोकळ्या उन्हात, सूर्य आपल्या पाठीशी असताना, ॲपर्चर एफ/१६ ठेवावे (एफचा आकडा जितका मोठा तितके छिद्र लहान) आणि शटरचा वेग फिल्मच्या आयएसओ, म्हणजे प्रकाशसंवेदनशीलतेच्या, आकड्याइतका घ्यावा. आयएसओ १०० च्या फिल्मला म्हणजे सेकंदाचा १/१०० भाग. रिअलिस्टवर १/१०० हा वेग आहेच. एसएलआरवर १/१२५ असेल तर ॲपर्चर एफ/१६ पेक्षा किंचित उघडे ठेवावे. मग सावलीकडे पाहावे. सावलीची कड धारदार असेल तर एफ/१६, कड मऊ झाली असेल तर एफ/११, सावली जेमतेम जाणवत असेल तर एफ/८ आणि ढगांमुळे सावलीच पडत नसेल तर एफ/५.६. इमारतीच्या मोकळ्या सावलीत उभ्या असलेल्या माणसासाठी एफ/४ पर्यंत जावे लागते. सूर्य बाजूला असेल तर एक स्टॉप आणि विषयाच्या मागे असेल तर दोन स्टॉप जास्त द्यावेत, मात्र स्लाइडवर बाजूच्या उन्हासाठी मी अर्ध्या स्टॉपवरच थांबतो, कारण उजेडाची बाजू उडाली की ती परत मिळत नाही.

या नियमाचा आणखी एक लाभ स्टिरिओला होतो. व्ह्यूअरमध्ये डोळा दृश्यात पुढे-मागे फिरत असतो; साध्या छायाचित्रात शोभून दिसणारी धूसर पार्श्वभूमी इथे त्रासदायक ठरते, म्हणून जवळपासून दूरपर्यंत सारे स्पष्ट हवे. ३५ मिलिमीटरच्या भिंगाचे ॲपर्चर एफ/१६ आणि फोकस सुमारे अडीच मीटरवर ठेवला तर साधारण १.३ मीटरपासून क्षितिजापर्यंत सर्व स्पष्ट येते. एफ/११ ला फोकस ३.७ मीटरवर ठेवावा, मग दोन मीटरच्या थोडे अलीकडून स्पष्टता सुरू होते. आपल्याकडचे ऊन इतके भरपूर आहे की आयएसओ १०० वर या मर्यादा बहुतेक वेळा सहज पाळता येतात. उलट, आयएसओ ४०० ची निगेटिव्ह घातली तर रिअलिस्टचा सर्वांत जलद १/१५० हा वेग आणि सर्वांत लहान एफ/२२ हे ॲपर्चर दोन्ही वापरूनही भर उन्हात फिल्मला थोडा जास्तच प्रकाश मिळतो. निगेटिव्ह ते सहन करते, तरीही दिवसा आयएसओ १०० च बरी.

आता मीटर. कॅमेऱ्यातला किंवा फोनमधला मीटर विषयावरून परतलेला प्रकाश मोजतो आणि समोरचा विषय मध्यम राखाडी आहे असे धरून चालतो. विषय तसा नसेल तर तो चुकतो, आणि किती चुकतो हे समजून घेण्यासाठी सोलापुरात गड्ड्याच्या यात्रेसारखी दुसरी संधी नाही. जानेवारीत मकर संक्रांतीच्या सुमारास श्री सिद्धेश्वरांची यात्रा भरते, तेव्हा सात नंदीध्वजांच्या मिरवणुकीत हजारो भक्त पांढरीशुभ्र बाराबंदी घालून चालतात. चौकट पांढऱ्या कपड्यांनी भरलेली असते. त्या पांढऱ्यालाच मीटर राखाडी समजतो, प्रकाश कमी द्यायला सांगतो, आणि धुऊन आलेल्या स्लाइडमध्ये बाराबंदी मळकट व चेहरे काळवंडलेले दिसतात. बाराबंदीवर मीटर धरला असेल तर त्याने सांगितल्यापेक्षा दीड स्टॉप जास्त द्यावा. दोन स्टॉपच्या पुढे मात्र जाऊ नये. बाराबंदीच्या चुण्या, बंदांच्या गाठी, उपरण्याची कड हीच त्या जोडचित्रातली खोली आहे, आणि अडीच स्टॉप दिले की त्या सगळ्या चुण्या एका कोऱ्या पांढऱ्या पट्ट्यात विरून जातात. व्ह्यूअरमधून पाहणाऱ्याला मग चेहरा गोलाईदार दिसतो आणि त्याखालचे अंग कागदातून कापल्यासारखे सपाट.

भुईकोट किल्ल्याच्या काळसर तटापुढे याच्या उलट घडते. चौकट काळ्या दगडाने भरली की मीटर प्रकाश जास्त द्यायला सांगतो. तिथे एक स्टॉप कमी करावा, नाहीतर तटावर बसलेली पाखरे, झाडांची पाने आणि वरचे आकाश उडून जाते. दगडाचा पोत उठून दिसण्यासाठी ऊन तिरके असावे लागते. सोलापूर उत्तर अक्षांश १७.७ अंशांवर असल्याने मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्याच्या सुमारास दुपारी सूर्य थेट डोक्यावर येतो आणि सावल्या पायाखाली जातात. त्या दिवसांत दुपारच्या वेळी दगड, शिल्प किंवा चेहरा कशाचेच उठाव कॅमेऱ्याला मिळत नाहीत. उन्हाळ्यात सकाळी नऊच्या आत आणि संध्याकाळी पाचनंतरच बाहेर पडावे. जानेवारीत भर दुपारीही सूर्य पन्नास अंशांच्या आसपासच असतो, त्यामुळे दिवसभर काम करता येते. हत्तरसंग कुडल येथे, भीमा आणि सीना यांच्या संगमावर, ३५९ मुखे कोरलेले शिवलिंग आहे. अशा उठावाच्या कामाला बाजूचा मंद प्रकाश मिळाला तर स्टिरिओइतका न्याय दुसरे कोणतेही छायाचित्रण देऊ शकत नाही. अर्थात आत कॅमेरा न्यायला परवानगी आहे का, हे आधी विचारावे.

विषयाच्या रंगाचा हा सगळा हिशेब टाळायचा असेल तर पडणारा प्रकाश मोजणारा, पांढऱ्या अर्धगोलाचा मीटर घ्यावा. तो विषयाजवळ धरावा, अर्धगोल कॅमेऱ्याकडे वळवावा आणि आलेला आकडा तसाच लावावा; बाराबंदी पांढरीच येते आणि तट काळाच येतो. स्लाइडसाठी यापेक्षा विश्वासार्ह पद्धत नाही. तसा मीटर नसेल तर स्वतःचा तळहात वापरावा. बहुतेकांचा तळहात मध्यम राखाडीपेक्षा सुमारे एक स्टॉप उजळ असतो, पण गृहीत न धरता एकदा राखाडी कार्डाशेजारी तळहात ठेवून आपला फरक मोजून घ्यावा. त्यानंतर विषयावर जे ऊन पडते त्याच उन्हात तळहात धरायचा, मोजायचे आणि तेवढा फरक द्यायचा. फोनमधला मीटर वापरणाऱ्यांनी तो आधी भर उन्हाच्या नियमाशी ताडून पाहावा.

पूर्वभागातल्या यंत्रमागाच्या कारखान्यात किंवा मंदिराच्या गाभाऱ्यापुढच्या मंडपात प्रकाश फारच थोडा असतो. तिथे ॲपर्चर उघडून वेळ मारून नेऊ नये, कारण मग समोरचा माग स्पष्ट आणि मागची रांग धूसर येते. ट्रायपॉड लावावा, ॲपर्चर एफ/११ ठेवावे आणि वेळ वाढवावा. प्रोव्हिया १००-एफ दोन मिनिटांपर्यंतच्या आणि एक्टाक्रोम ई-१०० दहा सेकंदांपर्यंतच्या एक्स्पोजरला कोणतीही वाढीव दुरुस्ती मागत नाही, त्यामुळे मीटरचा आकडा तसाच घ्यावा. दारातून येणारा उन्हाचा झोत चौकटीबाहेर ठेवावा. स्लाइड साधारण पाच-सहा स्टॉपचाच फरक पेलते आणि दारातले ऊन व आतला अंधार यांत त्याहून कितीतरी जास्त फरक असतो.

एक नियम कधीही मोडू नये : जोडीतल्या दोन्ही चित्रांचे एक्स्पोजर तंतोतंत सारखे असावे. एकाच कॅमेऱ्याने दोन चित्रे घेताना मीटर स्वयंचलित ठेवला तर कॅमेरा सरकवताच चौकटीच्या कडेला आकाशाचा थोडा जास्त भाग येतो, मीटर आपले मत बदलतो आणि एक चित्र गडद होते. म्हणून आकडे हाताने लावावेत आणि दोन्ही चित्रे होईपर्यंत त्यांना हात लावू नये. ढगांचे तुकडे धावत असतील तर थांबावे. पाण्याची चमक कमी करण्यासाठी पोलरायझर लावला असेल तर तो दोन्ही चित्रांसाठी एकाच कोनात ठेवावा आणि त्यासाठी दीड ते दोन स्टॉप जास्त द्यावेत. पितळी कळसावरची किंवा पाण्यावरची चमक मात्र दोन्ही डोळ्यांना मुळातच वेगळी दिसते. व्ह्यूअरमध्ये तिला जी जिवंत झळाळी येते ती दोष नाही, ती या माध्यमाची खास देणगी आहे.

पाचवी पायरी : चाचणीचा रोल

पहिला रोल पूर्णपणे चाचणीसाठी द्यावा. ज्यात थोडे पांढरे, थोडे काळे आणि बरेच मध्यम रंग आहेत असे एक दृश्य निवडावे. सकाळच्या उन्हात दोरीवर वाळत घातलेले टॉवेल आणि त्यामागची विटांची भिंत, एवढे पुरे. त्याच दृश्याच्या पाच जोड्या घ्याव्यात : मोजलेल्या एक्स्पोजरची एक, अर्धा आणि एक स्टॉप जास्तीच्या दोन, अर्धा आणि एक स्टॉप कमीच्या दोन. नंतर सावलीत हाच क्रम पुन्हा करावा. दुहेरी कॅमेरा असेल तर सारख्या उजेडातली कोरी पांढरी भिंतही प्रत्येक वेगाला एकदा टिपावी. धुऊन आलेली डावी-उजवी चौकट शेजारी ठेवली की दोन शटरमधला फरक लपत नाही. प्रत्येक चित्राचे आकडे, वेळ आणि ऊन कसे होते हे वहीत लिहावे.

स्लाइड धुऊन आल्यावर त्या खिडकीसमोर धरून निवडू नयेत. आपल्याच व्ह्यूअरमध्ये नवे सेल घालून, संध्याकाळी घरातल्या नेहमीच्या उजेडात पाहाव्यात, आणि टॉवेलाचे फासे दिसतात का व सावलीतल्या विटांचे सांधे मोजता येतात का, या दोनच प्रश्नांवर निवड करावी. ज्या जोडीत दोन्ही होते तेच आपल्या व्ह्यूअरचे योग्य एक्स्पोजर. ते मीटरच्या आकड्यापेक्षा तिसऱ्या हिश्श्याने किंवा अर्ध्या स्टॉपने वेगळे असेल तर मीटरवरचा आयएसओ त्याप्रमाणे कायमचा बदलून ठेवावा. पुढे कधी पोलरायझरच्या चष्म्यांसह पडद्यावर दाखवायचे झाले तर वाटेत बराच प्रकाश जातो, तेव्हा त्यासाठी याहून किंचित उजळ जोड्या निवडाव्यात.

सहावी पायरी : धुलाई, जोडणी आणि जपणूक

स्लाइड फिल्म ई-६ पद्धतीने धुतली जाते आणि तसे काम करणाऱ्या प्रयोगशाळा मोजक्याच असल्याने सोलापूरकरांना रोल बहुधा कुरिअरनेच पाठवावा लागतो. पाकिटावर ठळक अक्षरांत लिहावे : फिल्म कापू नये, माउंट करू नये. रिअलिस्ट पद्धतीच्या कॅमेऱ्यात एका जोडीतल्या दोन चित्रांच्या मध्ये दुसऱ्या जोड्यांची दोन चित्रे येतात, आणि चौकटीही नेहमीच्या रुंदीच्या नसतात; यंत्राने नेहमीच्या मापाने कापली तर संपूर्ण रोल वाया जातो.

घरी आलेली पट्टी उजेडाच्या पेटीवर ठेवून, सुती हातमोजे घालून, जोड्या ओळखून कापाव्यात. भिंग चित्र उलटे टिपते, त्यामुळे दुहेरी कॅमेऱ्याची पट्टी सुलटी धरली की डाव्या भिंगाचे चित्र उजवीकडे गेलेले असते. माउंट करताना त्यांची अदलाबदल करावी लागते. ओळखण्याची खात्रीची खूण अशी की डाव्या डोळ्याच्या चित्रात जवळची वस्तू मागच्या दृश्याच्या तुलनेत उजवीकडे सरकलेली दिसते. अदलाबदल राहून गेली तर व्ह्यूअरमध्ये मंदिर पुढे आणि तलावाचा अलीकडचा कठडा मागे गेलेला दिसतो, आणि डोळे गोंधळतात. दोन्ही चित्रे एका पातळीत बसवावीत, आणि चौकटीच्या डाव्या-उजव्या कडेने कापली जाणारी वस्तू चौकटीच्या पुढे आलेली दिसणार नाही, अशा बेताने ती आत-बाहेर सरकवावीत.

आपल्याकडची हवा कोरडी असल्याने किनारपट्टीइतका बुरशीचा त्रास होत नाही. खरा शत्रू धूळ आहे, आणि व्ह्यूअरमध्ये धुळीचा एकेक कण हवेत तरंगताना दिसतो. माउंट करण्यापूर्वी फरशी ओल्या फडक्याने पुसावी, पंखा बंद ठेवावा आणि चित्रावर रबरी फुगा दाबून हवा मारावी. तोंडाने फुंकर घालू नये. पूर्ण झालेल्या माउंटवर डावीकडे खाली, व्ह्यूअरमध्ये घालताना अंगठा जिथे येतो तिथे, एक ठिपका काढावा, वरच्या कडेला ठिकाण, तारीख आणि वहीतला चित्रक्रमांक लिहावा, आणि पावसाळ्यात डब्यात सिलिका जेलची पुडी टाकून ती दर महिन्याला तपासावी.